सरनोबत आणि आमचा लेफ्ट बॅक

आधीच सांगून टाकतो. मी दहावीपर्यंत बेळगावला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. मराठी माझी थर्ड लँग्वेज. ऱ्हस्व-दीर्घ मी जर्नलमधल्या ग्राफसारखे काढतो, म्हणजे रेषा साधारण कुठून जायला पाहिजे ते बघून. त्यामुळे मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं मासिकाच्या संपादकाने (जो माझा रूममेटपण आहे) सांगितल्यावर मी सरळ नाही म्हणालो. मग त्याने विचारलं, तू नेसरीचा ना? आणि मी अडकलो.

नेसरी हे कोल्हापूर जिल्ह्यातलं, गडहिंग्लज तालुक्यातलं आमचं गाव. गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना लागतं. कॉलेजात कुणाला गावाचं नाव सांगितलं की आधी कोरा चेहरा. मग प्रतापराव गुजर म्हटलं की ओळख पटते आणि पुढच्या सेकंदाला तो माणूस गाणं गुणगुणायला लागतो. कुसुमाग्रजांची कविता, हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज. या तिघांनी मिळून प्रतापरावांची शेवटची दहा मिनिटं अख्ख्या महाराष्ट्राला पाठ करून दिली. माझी तक्रार नाही, काटा माझ्याही अंगावर येतो. पण त्या दहा मिनिटांच्या आधी प्रतापराव जवळजवळ आठ वर्षं सरनोबत होते, म्हणजे स्वराज्याच्या सगळ्या घोडदळाचे प्रमुख. त्या आठ वर्षांत त्यांनी काय केलं असं विचारलं की गुणगुणणं थांबतं. माझंही थांबायचं. या दिवाळीपर्यंत.

दिवाळीला घरी जाताना माझ्या बॅगेत एक कोरी वही होती. आमच्या कॉलेज टीमच्या कॅप्टनने (फायनल इयर, मेकॅनिकल, नाव देत नाही, त्याला आवडणार नाही) मला काम दिलं होतं. सीझन सुरू व्हायच्या आत टीममधल्या प्रत्येकाची ताकद आणि कमजोरी लिहून आणायची. बावीस नावं. सॉफ्ट स्किल्सच्या तासाला स्वॉट अ‍ॅनालिसिस शिकवतात ना, तेच, फक्त इथे मार्क नाहीत आणि खोटं लिहिलं तर मॅच जाते.

कोल्हापूरकडचा फुटबॉल बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली की अर्धं शहर गॅलरीत आणि उरलेलं अर्धं स्कोअर काय झाला म्हणून फोनवर. गडहिंग्लजही मागे नाही, दिवाळीच्या स्पर्धेसाठी तिथे बाहेरच्या राज्यातल्या टीम येतात. अशा हवेत वाढलेली पोरं आमच्या टीममध्ये असल्यामुळे पायात स्किल भरपूर आणि डोकं गरम. वहीच्या पहिल्या पानावर मी हेच वाक्य लिहिलं.

हे काम मलाच का दिलं? कारण गेल्या सीझनचा उरलेला सगळा काळ मी बेंचवर बसून सगळ्यांना नीट बघितलं होतं. बेंचवर का होतो ते पुढे सांगतो. सांगावंच लागेल.

माझा आज्जा निवृत्त प्राथमिक शिक्षक. वही बघून त्याने विचारलं हे काय, आणि मी सांगितल्यावर तो उठून कपाटातून सभासदाची बखर घेऊन आला. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरी होता, त्याने राजाराम महाराजांच्या काळात हे लिहिलं. भाषा मला जड गेली (आज्जाने अर्थ सांगितला नसता तर हा लेखच झाला नसता), पण फौजेच्या व्यवस्थेचं पान आलं आणि मी चाटच पडलो. त्यांचाही सीझन होता! पावसाळ्याचे चार महिने फौज छावणीत. तिथे दाणा, चारा, औषधं, घोड्यांसाठी पागा, सगळं आधीच तयार. दसऱ्याला कूच. आठ महिने मुलुखगिरी आणि पाऊस तोंडावर आला की परत. निघताना प्रत्येकाकडे काय काय सामान आहे त्याची यादी करायची आणि परत आल्यावर झडती घेऊन यादीशी ताडून बघायची. जास्तीचं निघालं तर ते सरकारचं.

रचना तर कुठल्याही इंजिनिअरने प्रेमात पडावं अशी. पंचवीस घोड्यांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांचा एक हजारी, पाच हजारींचा एक पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. गुणाकार करून बघा, पंचहजारीखाली ६२५० घोडे येतात. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल. म्हणजे मेंटेनन्स वरून कुठूनतरी येणार नाही, तो प्रत्येक तुकडीच्या आतच बसवलेला. पुढे उमराणीला पाण्याचं काय झालं ते वाचाल तेव्हा हा पखालजी आठवा.

तर अशा फौजेचे प्रतापराव प्रमुख झाले. मूळ नाव कुडतोजी गुजर. गाव भोसरे, सातारा जिल्ह्यातला खटाव तालुका. प्रतापराव हा महाराजांनी दिलेला किताब, आणि तो इतका चिकटला की मूळ नाव परीक्षेत विचारण्यापुरतं उरलं.

ते पदावर आले ती वेळ मात्र वाईट होती. जून १६६५मध्ये पुरंदरचा तह झालेला, २३ किल्ले मोगलांना दिलेले, हातात १२. त्यानंतर जानेवारी १६६६मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. आधीचे सरनोबत नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना दूर केलं, आणि नेताजी आधी आदिलशाहीत आणि मग मोगलांकडे गेले. नेताजी म्हणजे काही साधा खेळाडू नव्हे, लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणायचे. आणि त्याच वर्षी महाराज आग्र्याला गेले आणि अडकले. विचार करा, टीमचं ग्राउंड गेलेलं, स्टार खेळाडू समोरच्या टीममध्ये, कोच दुसऱ्या गावात कोंडलेला, आणि कॅप्टनचा पट्टा तुमच्या दंडावर. वहीत ताकद या रकान्यात मी काय लिहिलं असतं कोण जाणे. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कुणी किती मोठा असला तरी वेळ चुकली की पद जातं, हे प्रतापरावांनी पहिल्याच दिवशी जवळून बघितलं होतं. मला वाटतं हे त्यांच्या मनात कायम राहिलं असणार.

महाराज आग्र्याहून सुटून आले आणि मोगलांशी नवा समझोता झाला. संभाजीराजांना पाच हजारांची मनसब मिळाली आणि त्या मनसबीची फौज घेऊन १६६७च्या अखेरीस प्रतापराव आणि निराजी रावजी औरंगाबादला, शाहजादा मुअज्जमच्या छावणीत गेले. या भागाबद्दल कुणीच बोलत नाही आणि मला हाच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. जवळजवळ दोन वर्षं आपला सरनोबत मोगलांच्या छावणीत राहिला. खर्चाला वऱ्हाडात जहागीर, म्हणजे आपली घोडी मोगलांच्या दाण्यावर पोसली जात होती. आणि रोज डोळ्यांसमोर काय, तर मोगल फौज कशी उठते, किती वाजता निघते, तोफखाना किती मागे राहतो, सरदारांची आपसात भांडणं कशावरून होतात. आता क्लब समोरच्या टीमच्या मॅचचे व्हिडिओ बघतात. यांनी समोरच्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये मुक्काम केला! १६६९मध्ये त्यांना पकडायचा बादशहाचा हुकूम निघाला. बखरीप्रमाणे शाहजाद्यानेच आधी कानावर घातलं, आणि प्रतापराव फौजेसकट सुखरूप निघून आले.

त्या अभ्यासाचा निकाल पुढच्या तीन वर्षांत लागला. १६७० साली सिंहगडापासून सुरुवात होऊन गेलेले किल्ले परत यायला लागले. ऑक्टोबरमध्ये सुरतेची दुसरी लूट. तिथून परत येताना वणी-दिंडोरीजवळ दाऊदखान आडवा आला. लुटीची घोडी पुढे काढून द्यायची आणि मागे उभं राहून लढायचं, असं ते युद्ध. घोडदळ अंगावर माल असताना लढलं आणि माल सुखरूप पोचला.

पण खरी मोठी मॅच साल्हेरची, १६७२. बागलाणातल्या साल्हेर किल्ल्याला मोगलांनी वेढा घातला होता. महाराजांनी एका बाजूने प्रतापरावांचं घोडदळ आणि दुसऱ्या बाजूने मोरोपंत पिंगळ्यांचं पायदळ पाठवलं. तोपर्यंत आपल्या फौजेची प्रसिद्धी छाप्याची. रात्री या, मारा, जा. मोगलांशी उघड्या मैदानात, दिवसाउजेडी, समोरासमोर उभं राहणं ही आपली कमजोरी आहे असं समोरचे धरून चालायचे. साल्हेरला दिवसभर युद्ध झालं आणि मोगल फौज मोडली. इखलासखान जखमी होऊन हाती सापडला. आपल्याकडचा सूर्यराव काकडे पडला. सापडलेल्या मोगल सरदारांना महाराजांनी मान देऊन सोडून दिलं, हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या वर्षी सोडण्यावरूनच सगळं बिघडलं.

इथपर्यंत वाचून झाल्यावर मी वहीत आमच्या टीमच्या ऐवजी प्रतापरावांच्या टीमचा तक्ता काढला. साल १६७३, सीझन अर्धा झालेला. ताकद: वेग. तोफा नाहीत, बायका-दासी बरोबर न्यायच्या नाहीत असा सक्त हुकूम, त्यामुळे फौज हलकी. मुलूख पायाखालचा. अधिकाऱ्यांची साखळी अशी की वरचा पडला तर खालच्याला काय करायचं ते माहीत. कमजोरी: जड बख्तराच्या पठाणी घोडदळाशी सरळ टक्कर झाली तर नुकसान फार. फौज एकाच वेळी मोगल आणि आदिलशाही अशा दोन आघाड्यांवर ताणलेली. आणि समोरच्या टीमचा रकाना: बहलोलखानाचे पठाण कडवे, पण विजापुरात अली आदिलशहा नोव्हेंबर १६७२मध्ये वारलेला, गादीवर लहान मूल सिकंदर, कारभार खवासखानाकडे, आणि दख्खनी विरुद्ध पठाण असे दरबारात दोन तट. ज्या टीममध्ये दोन ग्रुप आहेत ती टीम पहिल्या वीस मिनिटांत गोल खाल्ला की एकमेकांकडे बघायला लागते. हे अनुभवाचे बोल.

आज्जाने तक्ता वाचला आणि म्हणाला, एक रकाना राहिला. सरनोबताचा स्वतःचा.

मार्च १६७३मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. तो परत मिळवायला विजापुराहून बहलोलखान निघाला. महाराजांनी प्रतापरावांना पाठवलं. १५ एप्रिलला जतजवळ उमराणीला गाठ पडली. एप्रिल महिना आणि जतचा भाग, ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. प्रतापरावांनी खानाची फौज कोंडलीच, पण त्याआधी त्याचं पाणी तोडलं. दिवसभर लढाई झाली. जड बख्तर, तहानलेली घोडी, उन्हाने तापलेलं लोखंड. साल्हेरला ताकदीने जिंकले होते, इथे हिशेबाने जिंकले. समोरच्याची ताकद तीच त्याची कमजोरी करून टाकली. माझ्या मते डोक्याने लढलेली त्यांची सगळ्यात सुंदर लढाई हीच, आणि तिच्यावर गाणं नाही.

खानाने शरण येऊन वाट मागितली, पुन्हा वाकडं जाणार नाही असं कबूल केलं. आणि प्रतापरावांनी वाट दिली.

का दिली यावर आज्जाचं आणि माझं तासभर भांडण झालं. आज्जाचं म्हणणं, दयाळूपणा. शरण आलेल्याला पाण्यावाचून मारणं त्यांच्या मनाला पटलं नसेल. मी म्हटलं, साल्हेरनंतर महाराजांनीही सोडलंच होतं की. त्यावर आज्जा म्हणाला, साल्हेरला फौज मोडून मग सरदार सोडले, इथे सगळी फौजच जिवंत सोडली. बरोबर आहे त्याचं. सरदार घरी गेला तर एक माणूस घरी जातो. फौज घरी गेली तर ती परत येते.

आली. प्रतापराव त्यानंतर स्वस्थ बसलेले नव्हते. मे १६७३मध्ये त्यांच्या घोडदळाने हुबळीची पेठ लुटली, त्यात इंग्रजांच्या वखारीचंही नुकसान झालं. पण महाराजांचा राग गेला नव्हता. न विचारता सला का केला, असा जाब त्यांनी उमराणीनंतर विचारलाच होता. आणि १६७४ उजाडलं तेव्हा इकडे रायगडावर राज्याभिषेकाचा विचार चाललेला आणि तिकडे बहलोलखान पुन्हा मुलखात उतरलेला. तेव्हा महाराजांनी कळवलं की खानाचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवू नये.

महाराजांच्या निरोपावर काही बोलण्याची माझी लायकी नाही. त्यांच्यापुढे सगळं स्वराज्य होतं. पण तो निरोप ज्याला मिळाला त्याच्या बाजूने मला थोडंसं बोलता येतं, कारण अगदी छोट्या प्रमाणात मला तसा एक मिळालेला आहे.

गेल्या सीझनची सेमीफायनल. मी लेफ्ट बॅक. पहिल्या हाफमध्ये त्यांचा विंगर मला चकवून गेला आणि त्यातून गोल झाला. वास्तविक आधी दोनदा मी त्याला अडवलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. हाफटाइमला कॅप्टनने सगळ्यांसमोर मला झापलं. काय म्हणाला ते लिहीत नाही, पण त्याचा अर्थ असा होता की आता काहीतरी करून दाखव, नाहीतर मला तोंड दाखवू नको. स्कोअर एक-एक. दुसऱ्या हाफमध्ये मला ना बॉल दिसत होता ना फॉर्मेशन, फक्त ते वाक्य ऐकू येत होतं. शेवटची सहा-सात मिनिटं राहिली असताना बॉल मिळाला आणि मी निघालो. लेफ्ट बॅक. आपली जागा सोडून थेट त्यांच्या डीपर्यंत. मागून कोणीतरी ओरडत होतं, मला वाटलं शाबासकी देतायत. बॉल गेला, आणि मी जिथे उभा असायला पाहिजे होतो त्या मोकळ्या जागेतून त्यांचा तोच विंगर गेला. दोन-एक. कॅप्टन नंतर मला काहीच बोलला नाही. ते झापण्यापेक्षा वाईट होतं. पुढचे सगळे सामने मी बेंचवर, आणि एकदा तर बूट रूममेटला देऊन टाकले होते. (त्याला दोन नंबर लहान झाले म्हणून परत आले.)

तेव्हा २४ फेब्रुवारी १६७४चं पान मी वाचलं ते असा मी वाचलं. त्या दिवशी महाशिवरात्र होती असं आमच्याकडे सांगतात. बहलोलखानाची फौज नेसरीच्या बाजूला आल्याची खबर प्रतापरावांना लागली. सामानगड इथून जवळच आहे, तिथून ते निघाले असं गावातली म्हातारी माणसं सांगतात. फौज मागे होती. प्रतापराव थांबले नाहीत. दोन टेकड्यांच्या मधल्या वाटेत त्यांनी घोडं घातलं आणि त्यांच्याबरोबर सहा स्वार होते. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊत, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे अशी त्या सहांची नावं परंपरेने चालत आलेली आहेत. सातही पडले.

सहा स्वारांची गोष्ट कवीने रचली असं मला आधी वाटायचं. पण नाही. इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी तेव्हा रायगडाला गेला होता, त्याने एप्रिल १६७४मध्ये मुंबईला पाठवलेल्या पत्रात दोन डोंगरांच्या मधल्या अरुंद जागी प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारले गेल्याचं आहे, बाकीच्या सैन्याची मदत पोचली नाही हेही आहे. घटनेनंतर दोन महिन्यांच्या आतलं पत्र! सभासदाच्या बखरीत मात्र सातांचा आकडा नाही, तिथे मोठं युद्ध झालं आणि त्यात सरनोबत तलवारीच्या वाराने पडले असं आहे. मला शेणव्याचा कोरडा रिपोर्ट जास्त लागला. मदत पोचली नाही. एवढंच.

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये आपण माइल्ड स्टीलचा रॉड ओढून तोडतो. तो तुटायच्या आधी लांब होतो, मध्ये बारीक होतो, बघणाऱ्याला कळतं आता हा जाणार. कास्ट आयर्नला ते नसतं, एकदम टक्कन. प्रतापरावांना लोक कास्ट आयर्न समजतात, निरोप आला आणि टक्कन तुटले. मला तसं वाटत नाही. उमराणी एप्रिलमध्ये आणि नेसरी पुढच्या फेब्रुवारीत. दहा महिने ती चूक अंगावर घेऊन हा माणूस फौज चालवत होता, हुबळीपर्यंत दौडत होता. रोज थोडं ताणलं जात होतं आणि बघणारं कोणी नव्हतं. ज्यांनी पाणी तोडून पठाणांना हरवलं त्या सरनोबतांना सात विरुद्ध फौज हा हिशेब कळत नव्हता, असं कोण म्हणेल? हिशेब येत होता. त्या दिवशी त्यांनी तो केला नाही.

आणि ते सहा. फुटबॉलच्या भाषेत बोलायचं तर मी निघालो तेव्हा माझ्या मागे एकही आला नव्हता. त्यांच्या मागे सहा आले, कुणी हुकूम दिल्याशिवाय. वहीच्या कुठल्या रकान्यात हे बसवायचं, ताकद की कमजोरी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जाला घेऊन स्मारकाकडे गेलो. नेसरीपासून जवळच, कानडेवाडीच्या बाजूला. लहानपणी इथे आम्ही शाळेच्या सहलीसारखे यायचो, खाऊ खायचो, परत जायचो. खिंड म्हटल्यावर पुस्तक वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पावनखिंडीसारखं काहीतरी येतं, पण आमचे डोंगर तसे बुटके. आजूबाजूला शेतं, काजूची झाडं. मी उगीच जागा मापत होतो, कुठून आले असतील, मागची फौज किती लांब असेल. आज्जा चप्पल काढून उभा होता.

तिथे त्याने सांगितलेलं एक गाण्याच्या बाहेरचं आहे. सरनोबत पडले, पण फौज मोडली नाही. ती साखळी, हवालदार, जुमलेदार, हजारी, ती टिकली. आनंदरावाने फौज सांभाळली आणि पुढच्याच महिन्यात संपगावची पेठ लुटून परत आला. महाराजांनी हंसाजी मोहित्यांना हंबीरराव किताब देऊन सरनोबत केलं. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला. प्रतापराव असते तर त्या दिवशी हंबीररावांच्या जागी ते उभे असते. चार महिनेसुद्धा राहिले नव्हते.

महाराजांना बातमी कळल्यावर काय वाटलं याची वर्णनं पुष्कळ आहेत. त्यापेक्षा मला एक साधी नोंद जास्त सांगून जाते. १६८०च्या मार्चमध्ये महाराजांनी राजारामांचं लग्न लावलं ते प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईंशी. त्यानंतर महिन्याभरातच महाराज गेले. ज्याला तोंड दाखवू नको म्हणून कळवलं, त्याची लेक सहा वर्षांनी सून करून घरात आणली.

सुट्टी संपवून हॉस्टेलला आलो आणि वही पूर्ण केली. एकवीस नावं पटापट झाली. गोलकीपर, उंची चांगली पण कॉर्नरला डोळे मिटतो. सेंटर फॉरवर्ड, फिनिशिंग उत्तम, सबमिशनच्या आठवड्यात गायब. माझ्या नावापुढे आलो तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. ताकद: पळतो. कमजोरी: चारचौघांत बोललं की जागा सोडतो. खोडलं नाही. मग राहिलं कॅप्टनचं नाव. ताकद लिहायला अर्धं पान लागलं, ते सगळं खरं आहे. कमजोरीत लिहिलं, चारचौघांत बोलतो.

वही मेसमध्ये दिली. तो जेवता जेवता एकेक पान वाचत होता, मधूनमधून हसत होता. शेवटच्या पानावर थांबला. बराच वेळ चपातीचा तुकडा हातात तसाच. मला वाटलं झालं, आता बूट खरंच कुणालातरी द्यावे लागणार. त्याने खिशातलं पेन काढलं, माझ्या ओळीत पळतो या शब्दापुढे काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि सकाळी सहाला ग्राउंडवर ये म्हणून सांगितलं. वही त्याच्याकडेच आहे, काय लिहिलं ते मला अजून दिसलेलं नाही.

सकाळी गेलो. दव पडलेलं, बॉल ओला. त्याने मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि स्वतः विंगर होऊन बॉल घेऊन माझ्या अंगावर यायला लागला. पाऊण तास. अकरा वेळा गेला, नऊ वेळा अडवला. मी मोजलं. पहिली मॅच जानेवारीत आहे आणि टीमची यादी हा अंक छापायला जाईपर्यंत तरी बोर्डावर लागलेली नाही.